बिनसमुद्राचे चाचे

कॅनडाच्या पोटात सस्काचेवान नावाचा प्रांत आहे. गव्हाची सपाट शेतं, लांबवर धान्याची कोठारं, हाडं गोठवणारा हिवाळा, आणि समुद्र कुठेच नाही. १९९२ साली ‘द ॲरोगंट वर्म्स’ या कॅनडातल्याच विनोदी गायकांच्या त्रिकुटानं आपल्या पहिल्या अल्बममध्ये या प्रांतातल्या चाच्याचं गाणं म्हटलं. नाव ‘द लास्ट सस्काचेवान पायरेट’. गाण्यातला माणूस मुळात शेतकरी. भाव मिळत नाही, कर्ज फिटत नाही, शेवटी जमीनच हातची जाते. मग हा गडी काय करतो, तर काळा झेंडा उभारून सस्काचेवान नदीवर लुटारू होतो. लूटही सोन्या-मोत्यांची नाही, गहू आणि बार्लीची. पुढे ‘कॅप्टन ट्रॅक्टर’ अशा झकास नावाच्या बँडनंही ते गायलं आणि कॅनडाच्या गवताळ पठारावर ते जवळजवळ लोकगीत होऊन बसलं.

इस्लापूरच्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं हे गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भातला उमरखेड तालुका. रानात कापूस आणि सोयाबीन. नकाशावर पट्टी ठेवली तर अरबी समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब, आणि बंगालचा उपसागरही साडेचारशेच्या पलीकडे. पैनगंगेचं पाणी वर्धेत, मग प्राणहितेत, मग गोदावरीत असं करत समुद्राला पोचतं खरं, पण ते थेट आंध्रात. पडलेले भाव आणि थकलेलं कर्ज या दोन गोष्टी इथे कुणालाही चटकन कळतात. राहतो तो चाचा. एप्रिल-मे महिन्यात पैनगंगेच्या उघड्या पडलेल्या खडकांवरून आपली होडी ओढत नेणारा, डोळ्याला काळी पट्टी बांधलेला लुटारू कल्पून पाहा. गाण्यात हसू येतं ते नेमकं तिथे. आणि त्या हसण्याला खाली जी बोच आहे, तीही इथे जरा जास्तच लागते.

चाच्यांच्या गाण्यांचं सगळं गुपित मला या एका गाण्यात दिसतं. ही गाणी समुद्रावरची नाहीतच. जमिनीवरच्या माणसांनी, जमिनीवरच्या माणसांसाठी, बहुतेक वेळा लाटांपासून चांगलं सुरक्षित अंतर राखून ती रचलेली आहेत. खेळाच्या टेबलाभोवती ती इतकी शोभतात ती त्यामुळेच.

टेबलाचा विषय निघाला त्याचं कारण असं. आमच्या भागातला एक मुलगा पुण्यात बोर्ड गेमच्या दुकानात काम करतो. कॅरम, लुडो, व्यापार यांच्या पलीकडचे खेळ तिथे मांडून खेळता येतात, विकतही मिळतात. त्यात ‘जमैका’, ‘लिबर्टालिया’, ‘स्कल किंग’ असे चाच्यांचे खेळही आहेत. त्याचा फोन आला, “काका, शनिवारी दुकानात चाच्यांची थीम आहे. दिवसभर वाजतील अशी गाणी सांगा ना. ते सिनेमातलं एकच सारखं नको.”

“यादी हवी की गोष्ट?”

“यादीच द्या, काका. गोष्ट गिऱ्हाइकं ऐकत नसतात.”

यादी त्याला मिळाली. गोष्ट इथे.

खऱ्या चाच्यांना गाण्या-बजावण्याचं वेड होतं, याचा पुरावा आहे. १७२४ साली लंडनमध्ये ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावानं चाच्यांच्या चरित्रांचा एक संग्रह छापला गेला. त्यात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या कप्तानाच्या जहाजावरचे नियम दिले आहेत. त्यातला एक नियम वादकांसाठी आहे: त्यांना रविवारी सुट्टी, बाकीचे सहा दिवस आणि सहा रात्री मात्र खास मेहेरबानी झाल्याशिवाय विश्रांती नाही. म्हणजे जहाजावर वादक होते आणि त्यांच्याकडून भरपूर काम करून घेतलं जाई. पण चाच्यांनी स्वतः रचलेलं गाणं शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. लुटारूच्या धंद्यात म्हातारं होऊन आठवणी सांगत बसायची सोय कमीच होती.

गाणी रचली ती बंदरावरच्या छापखान्यांनी. कुणाला फाशी होणार असली की एका पानावर त्याच्या तोंडी पश्चात्तापाचं पद छापायचं, वर ओळखीच्या चालीचं नाव टाकायचं आणि फाशी बघायला जमलेल्या गर्दीत ते दमडीला विकायचं, असा सतराव्या शतकातल्या लंडनचा रिवाज होता. चाच्यांची सगळ्यांत जुनी प्रसिद्ध इंग्रजी गाणी याच बाजारातली. आता गंमत अशी की त्यातली दोन सर्वांत गाजलेली पदं ज्या दोघांवर आहेत, त्या दोघांचंही नाव झालं ते आपल्या पश्चिम समुद्रात.

पहिला हेन्री एव्हरी. त्याच्यावरचं पद तो अजून आपल्या समुद्रात यायचा होता तेव्हापासूनच लंडनमध्ये विकलं जात होतं. सप्टेंबर १६९५ मध्ये त्यानं मक्केहून सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचं प्रचंड जहाज मुंबई-सुरतेच्या दरम्यानच्या पाण्यात लुटलं. यात्रेकरूंवर जे अत्याचार झाले त्याचं वर्णन खाफीखानानं करून ठेवलं आहे आणि ते वाचवत नाही. बादशहा तेव्हा दिल्लीत नव्हता. भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माचणूरला, मराठ्यांशी लढत छावणी टाकून बसला होता. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना मोगली अधिकाऱ्यांनी बेड्या घातल्या. एव्हरी मात्र १६९६ नंतर कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. असा गुन्हेगार गाण्याला फार सोयीचा, शेवट हवा तसा लावता येतो.

दुसरा विल्यम किड, आणि त्याचा शेवट सगळ्या लंडननं पाहिला. गंमत म्हणजे हा निघाला होता चाच्यांना पकडायला; राजाचा तसा परवानाच त्याच्या खिशात होता. पण ३० जानेवारी १६९८ रोजी त्यानं केरळच्या किनाऱ्याजवळ ‘केदाह मर्चंट’ हे बंगालहून सुरतेला निघालेलं जहाज पकडलं. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्यानं घेतलेलं, रेशीम आणि मलमल भरलेलं, आणि मालात मोगल दरबारातल्या बड्या सरदाराचा वाटा असलेलं. एव्हरीच्या प्रकरणानं पोळलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला हे परवडणारं नव्हतं. २३ मे १७०१ रोजी टेम्सच्या काठी किडला फाशी झाली आणि त्याच्या तोंडचं पद छापून विकलं गेलं. ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचेपर्यंत गाण्यातल्या विल्यमचा रॉबर्ट झाला होता. त्या घराण्यातली चाल पुढे अमेरिकेतल्या चर्चमध्ये एका प्रसिद्ध स्तोत्रालाही लागली. आपल्याकडच्या भजनी मंडळांनी सिनेमाच्या चाली उचलल्या, त्याचं कुणाला वाईट वाटत असेल तर त्यानं हे लक्षात घ्यावं. तिकडे फासावरच्या चाच्याची चाल देवळात गेली. ‘केदाह मर्चंट’चे अवशेष २००७ साली कॅरिबियनमध्ये, डोमिनिकन रिपब्लिकजवळच्या एका बेटाशेजारी सापडले. उथळ पाण्यात, तीनशे वर्षं कुणाला न दिसता.

इथपर्यंत चाचा हा भीतीचा विषय होता. तो विनोदाचा विषय झाला एकोणिसाव्या शतकात, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर केलं गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीनं. त्यांच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीत नाटकातले चाचे इतके हळवे आहेत की ते अनाथांना कधी लुटत नाहीत. ही बातमी फुटल्यावर समुद्रावर भेटणारा प्रत्येक जण आपण अनाथ असल्याचं सांगू लागतो आणि धंदा बुडतो. या नाटकाच्या नावात चाचे का आले, यामागेही एक दुखणं होतं. त्या दोघांचं आधीचं ‘एच.एम.एस. पिनाफोर’ १८७८ साली लंडनमध्ये आलं आणि अमेरिकेत ते गावोगावच्या मंडळ्यांनी परवानगी न घेता, एक छदामही न देता लावलं. अमेरिकेतला कायदा परदेशी लेखकांना तेव्हा संरक्षण देत नसे. म्हणून पुढच्या नाटकाचा पहिला प्रयोग लेखकांनी स्वतःच ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यू यॉर्कमध्ये केला आणि इंग्लंडमधला हक्क राखण्यासाठी आदल्याच दिवशी तिकडे पेंटन नावाच्या गावी घाईघाईनं एक नावापुरता प्रयोग उरकून घेतला. नकला करणाऱ्यांवरचा राग आणि चाच्यांवरचं नाटक, दोन्ही एकाच जहाजातून आले. त्यातलं चाच्यांच्या राजाचं गाणं आजही खेळाच्या दुकानात लावण्यासारखं आहे. आवाज भरदार, शब्द मस्करीचे, आणि रचनाकार दोघेही शंभर वर्षांपूर्वीच वारलेले असल्यानं रचनेवर कुणाचा हक्क उरलेला नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८१ च्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या ब्रेमार या गावी पाऊस थांबेना म्हणून घरात अडकलेला एक लेखक आपल्या सावत्र मुलाबरोबर एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवत बसला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ त्या नकाशातून निघाली. आधी मुलांच्या साप्ताहिकात टोपणनावानं, मग १८८३ साली पुस्तक म्हणून. आज जगात ‘चाच्यांचं गाणं’ म्हटलं की रमच्या बाटलीचा आणि मेलेल्या माणसाच्या पेटीचा जो धोशा ऐकू येतो, तो या कादंबरीतला. स्टीव्हन्सननं त्याच्या मोजक्याच ओळी दिल्या होत्या. उरलेलं गाणं लिहिलं केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातल्या यंग ईविंग ॲलिसन या पत्रकारानं, १८९१ मध्ये. केंटकीला समुद्र नाही. चाच्यांच्या बोलण्यातला तो घशातून ओढलेला ‘आर्र’ आला १९५० च्या डिस्नेच्या ‘ट्रेझर आयलंड’मधून; नट रॉबर्ट न्यूटन, जन्म डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरी या टेकडीवरच्या गावचा, आणि त्यानं आपल्या गावाकडचाच हेल लाँग जॉन सिल्व्हरला दिला. आपल्या नाटकातल्या एखाद्या नटानं सरदाराच्या भूमिकेत सरळ मालवणी हेल काढावा आणि पुढे सगळे सरदार तसंच बोलतात असं लोकांनी धरून चालावं, तसा हा प्रकार.

मग १८ मार्च १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही होडीतून फिरायची सफर सुरू झाली. तिचं ‘यो हो’ हे गाणं लिहिलं झेवियर अटेन्सिओ या चित्रकारानं. त्याआधी तो गाणी लिहीत नव्हता, ॲनिमेशन करत होता, आणि जन्म कोलोराडोचा, म्हणजे पुन्हा डोंगर. संगीत जॉर्ज ब्रन्स यांचं. सफरीत जळणारं शहर आहे, लुटालूट आहे, आणि त्यावर हे लहान मुलांना झोके देण्याजोगं गाणं. शब्द नीट ऐकले तर त्यात गुन्ह्यांची यादीच आहे. ती कुणाला खटकत नाही, याचं कारण चालीत आहे.

चालीत काय आहे ते जरा थांबून पाहू. ‘यो हो’ सहा मात्रांत डुलतं. आपला दादरा ज्यांच्या कानात आहे त्यांना ती डुलणी लगेच ओळखू येईल. बऱ्याच कोळीगीतांचा ठेकाही याच अंगानं जातो. एका बाजूला कलून पुन्हा सावरणं ही होडीची हालचाल सहा मात्रांत नेमकी बसते. याच सफरीच्या नावाच्या २००३ च्या सिनेमातली ‘ही इज अ पायरेट’ ही नुसत्या वाद्यांची धूनही सहाच्याच चालीवर दौडते, फक्त लय चौपट अंगात आल्यासारखी. तिचे स्वर पेटीवर वाजवून पाहिले तर ते आसावरी थाटाच्या घरातले आहेत: गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. आणि ‘ड्रंकन सेलर’ हे जुनं खलाशी गाणं काफी थाटात बसतं. काफीचा धैवत शुद्ध असतो. तेवढ्या एका स्वरानं उदासीला उभारी येते. दारूड्या खलाशाचं काय करायचं हा गाण्यातला प्रश्न दुःखी असूनही पाय ठेका धरतात ते त्यामुळे. पेटीवाल्या गुरुजींना हे सांगाल तर ते दहा मिनिटांत बसवून देतील.

‘ड्रंकन सेलर’ खरं तर चाच्यांचं नाहीच. ही शँटी, म्हणजे कामाचं गाणं, आणि इथे बहुतेक याद्या घसरतात. शिडाचा दोर ओढताना वा नांगर उचलताना एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धुपदात झटका द्यायचा आणि त्याच झटक्याला दोर खेचायचा. सुगीच्या दिवसांत रानात भलरी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एक जण पुढचं म्हणतो, पात धरलेले बाकीचे मागे ओढतात, आणि विळे एका तालात चालतात. किनवट भागात तांड्यावरच्या होळीच्या लेंगीतही हीच देवघेव असते, तिथे फक्त कामाऐवजी नाच. पण शँटी बहरली एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर, जिथे माणसं कमी आणि मालकाला घाई जास्त. चाच्यांचा सुवर्णकाळ १७२०च्या दशकातच आटोपला होता. चाच्यांच्या जहाजावर लुटीत वाटा मागणारी माणसं भरपूर असत, दोर ओढायला गाण्याची गरज कशाला पडेल?

तरीही खेळांनी चाच्यांच्या तोंडी शँटी घातल्याच. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतला २०१३ चा ‘ब्लॅक फ्लॅग’ घडतो १७१५ च्या सुमारास, आणि त्यातले खलाशी शंभर-दीडशे वर्षांनंतरची गाणी खुशाल गातात. खेळाडू गावांतून उडणारी गाण्यांची पानं पळत जाऊन पकडतो, मग ती गाणी त्याच्या जहाजावर ऐकू येतात. इतिहास चुकला, पण खेळ म्हणून ही कल्पना फार चांगली. मला विचाराल तर त्या खेळातली लढाई विसरायला होते, वारा पडल्यावर अंधारात चाललेलं गाणं नाही.

‘वेलरमन’ची कथा आणखी निराळी. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूझीलंडच्या देवमासे मारणाऱ्यांचं हे गाणं. नाव आलं सिडनीच्या वेलर बंधूंवरून, ज्यांनी १८३१ मध्ये ओटॅगोला तळ टाकला होता आणि जे या खलाशांना शिधा पुरवत. गाण्यात वाट पाहिली जाते ती चहा, साखर आणि रमची. डिसेंबर २०२० मध्ये नेथन एव्हन्स या स्कॉटिश पोस्टमननं ते टिकटॉकवर म्हटलं, आणि घराघरांत अडकलेल्या जगानं त्याच्या आवाजावर आपले आवाज चढवत नेले. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० मध्येच बंद झालं होतं, तरी गाणं रील्समधून आलंच. टाळेबंदीत बसलेल्यांना रसदीचं जहाज कधी येतं याची वाट पाहणारं गाणं आवडलं, यात आश्चर्य काय! त्यात एकही चाचा नाही. दुकानाच्या यादीत ते ठेवावंच लागतं, कारण गिऱ्हाइकं गुणगुणतात.

खेळांनी या प्रकाराला दिलेली सगळ्यांत हुशार गोष्ट मात्र जुनी आहे. १९९० च्या ‘मंकी आयलंड’ या संगणकावरच्या खेळात तलवारीची लढाई तलवारीनं जिंकत नाहीत. समोरचा टोमणा मारतो, त्याला बसेल असा उलट टोमणा निवडायचा. जो निरुत्तर झाला तो हरला. कलगी-तुऱ्याच्या फडात बसलेला माणूस हा खेळ पहिल्याच डावात शिकेल. याच मालिकेतल्या १९९७ च्या भागात जहाजावरचे खलाशी काम सोडून गातच सुटतात. खेळाडूनं काहीही म्हटलं तरी ते त्याला यमक जुळवून पुढचं कडवं रचतात आणि हलत नाहीत. त्यांना कामाला लावायचा एकच उपाय: ‘ऑरेंज’ या शब्दावर संपणारी ओळ म्हणायची. इंग्रजीत त्याला धड यमक नाही. शाहीर अडकतात, गाणं मोडतं, जहाज पुढे सरकतं. खेळाच्या दुकानात लावायला याहून योग्य गाणं मला माहीत नाही, कारण ते गाणंच खेळ आहे.

बाकीची विनोदी गाणी भराभर सांगून टाकतो. आइसलँडच्या ‘लेझीटाउन’ या मुलांच्या मालिकेतलं ‘यू आर अ पायरेट’, ज्याची लोकांनी पुढे इंटरनेटवर असंख्य विडंबनं केली. ‘व्हेजीटेल्स’ या कार्टूनमधल्या भाजीपाल्याच्या तोंडचं, काहीच न करणाऱ्या चाच्यांचं १९९७ चं गाणं. आळशी लोकांचं राष्ट्रगीत म्हणायला हरकत नाही. स्कॉटलंडच्या पर्थ शहरातला ‘एलस्टॉर्म’ हा बँड, जो २००८ च्या पहिल्या अल्बमपासून चाच्यांवरच कर्कश मेटल गातो. संध्याकाळी गर्दी वाढल्यावर एखादं ठीक, दुपारी लावलं तर नातवासाठी खेळ घ्यायला आलेल्या आजी परत जातील. ‘लोनली आयलंड’चं २०११ चं ‘जॅक स्पॅरो’, ज्यात मायकेल बोल्टनसारखा भावगीतांचा गायक विषय सोडून ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ सिनेमाच्याच गोष्टीत वाहवत जातो. यातला विनोद चांगला आहे, पण शब्द कौटुंबिक नाहीत. ते मी यादीतून काढलं.

एका ठिकाणी मात्र माझं मराठी मन अडलं. २००७ च्या ‘ॲट वर्ल्ड्स एंड’ या सिनेमाची सुरुवात फाशीच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांच्या ‘होइस्ट द कलर्स’ या गाण्यानं होते. गाणं उत्तम आहे. पण त्याच सिनेमात जगभरच्या चाच्यांच्या सरदारांमध्ये हिंदी महासागराचा सरदार म्हणून ‘श्री सुंभाजी आंग्रिया’ बसलेला दिसतो. हे विनोदी पात्र कुणाच्या नावावरून काढलं आहे, ते सांगायला नको. संभाजी आंग्रे हे कान्होजींचे चिरंजीव आणि पुढे सरखेल झालेले. कान्होजींच्या आरमारात मुलखाच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावं असा दंडक होता. न घेणारं जहाज धरलं जाई. पोर्तुगीज दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावानं नेमकं हेच करत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांनी १७१७ ला विजयदुर्गावर, १७१८ ला खांदेरीवर आणि १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. तिन्ही वेळा हात हलवत परतले. १७३७ साली लंडनमध्ये छापलेल्या क्लेमंट डाउनिंगच्या पुस्तकात कान्होजी ‘चाचा’ म्हणूनच आहेत. हरलेल्यानं लिहिलेल्या हकिगतीत दुसरं काय असणार? आज मुंबईतला नौदलाचा तळ ‘आय.एन.एस. आंग्रे’ या नावानं उभा आहे. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, गाणं लाव, पण पडद्यावर तो सिनेमा नको.

चाच्यांवरचं गाजलेलं मराठी गाणं पटकन आठवत नाही, आणि त्याचं हेही एक कारण असावं. समुद्रावरची आपली दादागिरी सरकारी होती, तिच्यावर पोवाडे शोभतात, विनोदी गाणी नाहीत. दर्याची मजा कोळीगीतांकडे गेली. वेसाव्याच्या कोळ्यांची स्वतःची गाणी आहेतच, पण सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी जी बसली ती पाहा. ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या शांता शेळके इंदापुरात जन्मल्या. १९६४ च्या ‘वैशाख वणवा’ सिनेमातलं, जितेंद्र अभिषेकींनी गायलेलं ‘गोमू माहेरला जाते’ हे होडीतलं गाणं ग. दि. माडगूळकरांचं, आणि गदिमा शेटफळ्याचे, माणदेशाच्या कोरड्या रानातले. ब्रेमारचा पाऊस आणि माणदेशाचा दुष्काळ, दोन्हीकडे समुद्र तेवढाच लांब आणि गाण्यात तेवढाच जवळ. पुण्याच्या दुकानाच्या यादीत ही दोन्ही गाणी मी मुद्दाम मधे घातली आहेत. लूट नाही, कवटी नाही. पण सहा मात्रांची ती डुलणी अशी जुळते की ‘यो हो’ संपून कोळीगीत लागलं तर टेबलावरच्या माणसांची मान हलायची थांबत नाही.

आता दुकानाचा व्यवहार. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन संशोधकानं १९८२ साली छापलेल्या अभ्यासात किराणा सुपरमार्केटमध्ये संथ लयीचं संगीत वाजताना लोक हळू चालले आणि विक्री जलद संगीताच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त झाली. पण तिथलं गिऱ्हाईक चालतं, खेळाच्या दुकानातलं बसतं. बसलेल्या माणसाला नवा नियम समजावून सांगताना कानाशी शब्द असले की तो नियम हरवतो आणि त्याची बाजी पहिल्याच फेरीत जाते. म्हणून पहिला तास नुसती वाद्यं: सिनेमातली धून, ‘मंकी आयलंड’चं मायकेल लँड यांचं संगीत. डाव रंगात आले की शँटी, कारण धुपद सगळ्यांना म्हणता येतं. सस्काचेवानचं गाणं संध्याकाळी, थोडे शेतकऱ्यांचे मुलगे जमल्यावर.

आणि एक गोष्ट त्याला सगळ्यांत आधी सांगितली. घरी ऐकण्यासाठी घेतलेलं गाण्यांचं खातं दुकानात वाजवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत जाहीर सादरीकरण. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याखाली त्यासाठी परवाना लागतो. ध्वनिमुद्रणासाठी १९४१ पासूनची पीपीएल ही संस्था, शब्द आणि चालीसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस. स्टीव्हन्सनचे शब्द कुणीही म्हणावेत, पण ते ज्यानं गेल्या वर्षी स्टुडिओत म्हटले त्याच्या मुद्रणावर त्याचा हक्क साठ वर्षं राहतो. चाच्यांची गाणी फुकट लावून आपणच चाचे ठरायचं, हा विनोद गिल्बर्टला आवडला असता.

मुलगा म्हणाला, “म्हणजे काका, परवाना नसेल तर कुठेच वाजवायची नाहीत?” तसं नाही. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. तेव्हा इस्लापुरात कुणाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘यो हो’ घेतलं, तर नवरदेवाला कुणी काही विचारू शकणार नाही.